कांद्याच्या मुळ्या पाहनाऱ्या बाई

"कांदे कुठे आहेत?"

बाईनं असं इचारलं आन माह्या हातातली बाटली मोरीत सुटली. बाटली फुटली म्हनून नाही भेली मी. बाई पुस्तकातल्यासारखं बोलल्या म्हनून भेली. बाई कालेजातल्या पोट्ट्यांसंग पुस्तकी बोलत, माह्यासंग आपलं घरातलं, अकोल्याकडचं. "काहून वं शेवंता, जेवली का?" असं. माह्यासंग पुस्तकी बोलल्या म्हनजे काहीतरी बिनसलं, एवढं मले सहा महिन्यांत पक्कं मालूम झालं होतं.

"फेकले बाई," मी म्हनलं.

"किती?"

"सहा. लाल धाग्याचे. मांगच्या खड्ड्यात टाकून जाळले, तुमी सांगतलं तसे."

"आणि पांढऱ्या धाग्याचे सहा?"

"ते घरी नेले. तुमीच म्हनता ना, साध्या पान्यातले नेत जाय म्हनून."

बाईनं खिडकीच्या खिळ्याकडे पाह्यलं. तिथं मी सगळे धागे सोडून एकाच गाठीत अडकवले होते. सहा लाल, सहा पांढरे. बाटल्या घासायच्या होत्या आन धागे भिजून वाया जातीन म्हनून.

"धागे बाटल्यांना होते. कांद्यांना नव्हते. मग तुला कसं कळलं, कोणता कांदा कोणता?"

मी बी त्या गाठीकडे पाह्यलं. तीन दिवसांमांगं काय झालं ते सारं डोळ्यासमोर आलं. झोळीतून मंदी पडली होती, दहा महिन्यांची माही पोट्टी, कपाळाले टेंगूळ आलं होतं तिच्या, तिले एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मी भराभर कांदे उचलले, एका टोपलीत टाकले, धागे सोडले, आन मंग म्हनलं, इकडच्या अंगाचे पांढरे, तिकडच्या अंगाचे लाल. तवा मले पक्कं वाटलं होतं. खरंच सांगते, पक्कं वाटलं होतं.

"किती खाल्ले?" बाईनं इचारलं.

"तीन. झुनक्यात."

बाई स्टुलावर बसल्या. म्हने, "झुनका मी पण खाल्ला की गं. दोन दिवस." आन मंग एकदम मंदीकडे पाह्यलं. ती झोळीत पाय हालवून राहिली होती. "हिला तू अंगावरच पाजतेस ना?"

लाल धाग्याच्या बाटल्यांत साधं पानी नव्हतं. त्यात कपाशीवर मारायची भुकटी कालवलेली होती, किड्याची.

आता बाईचं सांगा लागते, नाही त तुमाले ही गोष्ट समजनार नाही.

अमरावतीच्या एका कालेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकवत त्या. मी तिथं बाटल्या, काचा धुवायले. माह्या पोट्टीचा बाप धामनगावले कापसाच्या प्रेसमधी, रविवारी येनार, रविवारीच जानार. मी राजापेठेत एका खोलीत राहो, लेकरू कोनापाशी ठेवनार? पयल्याच दिवशी मी मंदीले पदराखाली लपवून नेलं. बाईनं पदराकडे पाह्यलं न पाह्यल्यासारखं केलं आन म्हने, "तो वरचा हूक पंख्यासाठी होता. पंखा काही आला नाही. झोळी बांध त्याले." झालं. तवापासून मंदी तिथं.

बाईची जागा दक्षिणेच्या खिडकीपाशी. बारीक वस्तू मोठी दाखवनाऱ्या दुर्बिनीच्या खाली एक गोल आरसा, त्यात त्या ऊन धरत आन वर नळीत सोडत. ऊन सरकलं की आरसा सरके. ढग आला की बाई उगीच टेबलावर बोटं वाजवत. नळीले त्या एकच डोळा लावत, पन दुसरा मिटत नसत. मी एकदा इचारलं त म्हने, "एक डोळा मिटला की कपाळ दुखते. हा कांद्यात, आन हा दुसरा तुह्या पोट्टीत." आन खरंच, मंदी झोळीच्या काठाले आली की बाई नळीतून तोंड न काढता म्हनत, "शेवंता, पोट्टी उतरून राहिली."

बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड पान्याले टेकलं पाह्यजे. दोन दिवसांत पांढऱ्या मुळ्या खाली सुटतात, म्हाताऱ्याच्या दाढीवानी. सकाळी अकराच्या सुमाराले बाई मुळीचं टोक कापत, तांदळाच्या कनीएवढं. म्हनत, याच टैमाले मुळी जास्त वाढते. ते टोक लाल रंगात गरम करायचं, काचेवर ठेवायचं, वर बारीक काच, वर टीपकागद, आन अंगठ्यानं दाबायचं. "अंगठा सरळ खाली. सरकला की सारा चिखल." त्या रंगानं बाईचा उजवा अंगठा कायमचा लाल. राजापेठेत भाजीवालीनं एकदा म्हनलं, "काय वो बाई, एकाच बोटाले मेंदी?" बाई म्हने, "एकट्या बाईले एक बोट पुरते." भाजीवाली अशी हासली की वजन मांडायचं इसरली.

मोजायची त्यायची तऱ्हाच येगळी. मांडीत चिंचोके. खाली पायाशी दोन वाट्या. नळीत चांगली पेशी दिसली की एक चिंचोका या वाटीत, तुटकी दिसली की त्या वाटीत. मान वर नाही, हात आपला चालू. टप, टप, टप. एकदा मंदीनं रांगत जाऊन भरलेली वाटी उपडी केली, सकाळपासूनची. मी धपाटा घालायले उठली त बाईनं माहा हात धरला. "राहू दे. आज मी अर्धं मन घरीच ठेवून आली होती. तिले समजलं ते." आन पुन्हा पयल्यापासून मोजलं. मातर त्या दिवसापासून वाट्या खाली नाही ठेवल्या. चिंचोका लेकराच्या नरड्यात जाईन म्हनून.

दुपारी माहा डबा आन बाईचा डबा एकाच जागी उघडे. बाई तेल्हाऱ्याकडच्या शेतीवाल्या घरच्या, आमी नवीन बुद्ध झालेले. पयल्या दिवशी मी दूर बसली. बाई म्हने, "काहून, माह्या डब्याले वास येते का?" आन माही भाकर तोडली. तेवढंच. त्यावर काही भाषन नाही. मले झुनका चांगला येते, बाईले आवडे. म्हनून तर मी त्याच्यात कांदा जास्त टाको.

आन ही भुकटी कुठून आली, त बाईच्या भावाकडून. त्याची कपाशी. तो हातानं भुकटी उधळे, तोंडाले फडकं बी नाही. एका पोळ्याले त्यानं बाईले इचारलं, "ताई, ही किड्याले मारते, मंग मले काय करते?" बाई इतक्या शिकल्या-सवरलेल्या, पन म्हने, "मले मालूम नाही रे." तो हासला, म्हने, मंग कायले शिकली! ते बाईले लागलं. मानसाले कापून त पाहता येत नाही. म्हनून कांद्याले पाजून पाहून राहिल्या होत्या. "मले मालूम नाही" हे बाई असं म्हनत जसं दुसरं कोनी "पानी आन" म्हनते. लाज नाही, काही नाही. कालेजचे मोठे सर त्याच्यावर चिडत. पोट्ट्यांसमोर असं बोलू नये, म्हनत.

मले बी एकदा दाखवलं त्यायनं. डोळा लाव म्हने. पयले काहीच दिसेना, माह्याच पापन्या. मंग दिसलं. लहान लहान खोल्या, एकीले लागून एक, आन खोलीत शेवया, लाल. एका खोलीत त्या शेवया दोन अंगाले ओढल्या जाऊन राहिल्या होत्या. बाई म्हने, "वाटनी होऊन राहिली. एका घराचे दोन घर. दोघाले सारखं भेटलं पाह्यजे. आता तिकडच्या कोपऱ्यात पाह्य." तिथं वाटनी झाली होती पन एक बारीक तुकडा मधातच पडून होता. "त्याले कोनी धरलं नाही. तो तुटला. आता दोन्ही घरात कमी. आन त्या घराचे पुन्हा घरं होतीन, त्यात बी कमी."

मी तवा "अगं माय" म्हनून बाजूले झाली, बाटल्या घासायले लागली. कांद्याचं होतं ना ते. कांद्याचं कायचं दुख?

पन त्या दिवशी, धाग्याची गाठ खिळ्याले लटकून राहिली होती आन बाई स्टुलावर बसल्या होत्या, तवा मले तोच तुकडा दिसला. मंदीच्या आंगात. मले वाटलं माही पोट्टी आतून खोली-खोलीनं तुटून राहिली.

"पाहा ना बाई तिले," मी म्हनलं, "दुर्बिनीत पाहा ना! बोट कापा, माहं कापा, काही बी करा!"

"लेकरात पाहायची रीत मला येत नाही शेवंता. इथे कोणालाच येत नाही. कांद्यात येते. घरी किती कांदे उरले?"

"तीन."

"आण. धावत जा."

मी मंदीले कडेवर मारली आन धावली. राजापेठेत कोन म्हने, "काय झालं वं?" मी थांबली नाही. चुलीमांगच्या सुपात तीन कांदे होते, तसेच, साधे, कांद्यासारखे कांदे. त्याले हात लावायची बी मले भीती वाटली. चिंधीत गुंडाळून आनले.

बाईनं ते साध्या पान्यावर बसवले. या वक्ती धागा कांद्यालेच बांधला. म्हने, दोन दिवसांत नवी मुळी येईन, त्यात आधीचं तुटलेलं दिसन. मंग समजन तू नेलेल्यात लाल किती होते. मंग आमाले घेऊन दवाखान्यात गेल्या. डाक्टरनं माही जीभ पाह्यली, मंदीचं पोट दाबलं, मंदीनं त्यायचा चष्मा ओढला. ते हासले. "कांद्यानं काय होते? लेकरू मजेत आहे." बाहेर आल्यावर मी बाईले म्हनलं, "डाक्टर काही नाही म्हनले." बाई म्हने, "आज काही दिसत नाही, एवढंच ते म्हनले."

"मंग पाजू का नको पाजू?"

"मले मालूम नाही."

"तुमाले नाही मालूम त कोनाले मालूम असन!"

"मुळी किती पेते ते मी पाह्यलं. गड्ड्यात किती चढते, तुह्या दुधात किती उतरते, ते मी पाह्यलं नाही शेवंता."

मले असा राग आला त्यायचा. खोटं बोलायले काय जाते? एक शब्द, "पाज" म्हनल्या असत्या त मी झोपली तरी असती.

दोन दिवस मी पाजलं नाही. शेजारनीनं बकरीचं दूध दिलं, मंदी वाटी तोंडाले लावू देईना. चमच्यानं घातलं त थुंके. मंग पोट बिघडलं तिचं, पानीच पानी. छाती माही दगडावानी झाली, चोळीले हात लागला तरी जीव जाये. मोरीवर बसून दूध पिळून टाको आन तिकडून तिचं रडनं आयको. दुसऱ्या दिवशी तिचं रडनं बारीक झालं. मोठ्यानं रडत होती तवा बरं होतं, असं वाटलं मले. नवऱ्याले काय सांगू? सासूले काय सांगू? माह्याच हातानं केलं ना मी. इकडच्या अंगाचे पांढरे, तिकडच्या अंगाचे लाल.

तिसऱ्या दिवशी सकाळीच कालेजात जाऊन बसली. मोठे सर दारात उभे, बाईले हळू म्हनून राहिले होते, पन मले आयकू आलं. "सगळे साधेच निघाले असं सांगून टाका. अडाणी बाई आहे, घाबरून लेकराला उपाशी मारेल."

बाई म्हनल्या, "मोजते आधी."

अकरा वाजले. पयला कांदा. टोक कापलं, रंग, दिवा, काच, अंगठा. मंग टप, टप, टप. मी चिंचोक्यांकडे पाहो. एकाच वाटीत पडत होते. दुसरीत एखादाच. "चांगला ना बाई?" बाईचा हात आपला चालूच. "सांगा ना वो!"

"अर्धं मोजून बोलनं म्हनजे खोटंच बोलनं. साध्या पान्यातल्या कांद्यात बी एखादा तुकडा असतेच. मोजू दे."

पयला साधा निघाला. दुसरा साधा. माहा जीव जरासा खाली आला, मी मंदीच्या केसातून हात फिरवला, तिचं आंग गरम होतं, ओठ सुकलेले. तिसऱ्याले ऊन सरकलं, बाईनं आरसा फिरवला. टप या वाटीत. टप त्या वाटीत. टप त्या वाटीत. पुन्हा त्या वाटीत.

बाईनं नळीतून तोंड काढलं. दोन्ही डोळे लाल झाले होते.

"हा लाल धाग्याचा होता," बाई म्हने. "दोन साधे, एक भुकटीचा. म्हनजे टोपलीत मिसळलेच. खड्ड्यातले त जळाले, मंग आपन खाल्ले त्या तिनात किती, ते कोनालेच सांगता येनार नाही. एक असन, दोन असन. नसन बी एखांद्या वक्ती."

मोठ्या सरानं कपाळाले हात लावला आन निघून गेले.

"मंग मी काय करू?" मी ओरडली. कालेज आहे, पोट्टे आयकून राहिले, कायचं भान नाही. "तुमी मोजलं ना! मोजून काय केलं? सांगा, पाजू का नको पाजू?"

बाई माह्याजवळ आल्या. मंदीच्या टाळूवर त्यायनं हात ठेवला. म्हने, "तुह्या दुधात काय आहे ते मले मालूम नाही. पन हे लेकरू सुकून राहिलं, ते मले दिसून राहिलं. दोन्ही सांगतले. याच्यापुढचं मले येत नाही वं माय." बाईनं मले "माय" म्हनलं. आन मंग त्या उठल्या आन खिडकी लावून घेतली. भर दुपारचं ऊन, त्यायच्या कामाचं, पन लावून घेतली, अन माह्याकडे पाठ करून उभ्या राह्यल्या.

मी चोळीची गाठ सोडली.

मंदीनं पयले तोंड फिरवलं, जशी मी कोनी परकी. मंग लागली. किती वेळ पेली मले नाही मालूम. मी रडून राहिली होती आन बाईची पाठ बी हालून राहिली होती.

बाईनं ते सारं वहीत लिवलं. मले वाचून दाखवलं, मी चौथी शिकली, मले समजलं. "खूण बाटलीला होती, कांद्याला नव्हती. चूक माझी." माहं नाव नाही. मोठे सर म्हने ते पान फाडा, कालेजची अब्रू जाईन. बाईनं नाही फाडलं. दुसऱ्या वर्षी त्यायले ठेवलं नाही. ट्रंक अन बाटल्यांची पेटी घेऊन अकोल्याले गेल्या, पोट्टींच्या शाळेत शिकवायले. मोटारीत बसता बसता मले म्हने, "झुनका करत जाय. कांदा बाजारातला घे." मी हासली, अन मोटार सुटल्यावर तिथंच खाली बसली.

मंदी तीन वर्षांची झाली तवा मी तिले अकोल्याले घेऊन गेली. बाई वाळल्या होत्या. मंदीले अंगनात धावायले लावलं, नाव इचारलं, तोंड उघडून दात पाह्यले. मी म्हनलं, "आता त झालं ना बाई? आता सांगा, चांगली आहे म्हनून." बाई म्हने, "धावते, बोलते, दात आले. एवढं दिसलं." मी भांडली त्यायच्यासंग. येवढ्या दुरून आली, एक शब्द देत नाही तुमी! बाईनं मंदीच्या हातात गुळाचा खडा ठेवला अन म्हने, "त्या दिवशी सरांचं आयकून खोटं सांगतलं असतं, त आज माहा कोनता शब्द तू खरा मानला असता?"

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. कोनी म्हने ताप, कोनी म्हने रक्ताचं काही. मी आयकलं अन मंदीले ओढून उराशी धरलं. त्याच डब्यातलं त्यायनं बी खाल्लं होतं. बाई असत्या त म्हनल्या असत्या, एका मानसावरून बोलू नको, शेवंता, मोजलं काय? नाही मोजलं बाई. कोन मोजनार आता? मंदीचं आंग जरा गरम झालं की मी उठून तिच्या छातीले कान लावते. काय आयकू येनार आहे तिथं, तरी लावते. आन आता माह्या पोटात दुसरं आहे, पाचवा महिना.

मी पाजलं. लेकरू सुकून राहिलं होतं, मी पाजलं. तुमी बी लेकरवाळ्या आहा ना, मंग सांगा मले. कोनाले काही मालूम नाही, सांगनारी पाठ करून उभी आहे, आन मांडीवर पोट्टीचा आवाज बारीक होऊन राहिला. तुमी काय केलं असतं?